टेंभुर्णीत लिहिलेलं एक चुकीचं वाक्य

जानेवारीत आठ दिवसांची रजा काढून मी जालना जिल्ह्यात गेले होते. "तिकडे बघण्यासारखं काय आहे?" हा प्रश्न जाण्याआधी घरी, ऑफिसात आणि वाण्याच्या दुकानातही विचारून झाला. आल्यावर तीच मंडळी "काय बघितलंस?" म्हणून विचारू लागली. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून काढते.

माझी मैत्रीण वंदना टेंभुर्णीजवळच्या मुलींच्या एका बालगृहात अधीक्षिका आहे. ज्यांना आईवडील नाहीत, किंवा आहेत पण सांभाळू शकत नाहीत, अशा मुली तिथे राहतात. संस्था लहान, लोकांच्या मदतीवर चालणारी. सरकारी तपासणी तोंडावर आली होती आणि तिथली समाजसेविका नेमकी बाळंतपणाच्या रजेवर गेली होती. वंदनाचा फोन आला, "नीला, होस्टेलात तुझ्या याद्यांना आम्ही फार हसलो. आता त्या याद्या घेऊन ये."

चिपळूणच्या एका रुग्णालयात मी रेकॉर्ड विभाग सांभाळते. मागितलेला कागद पाच मिनिटांत हातात द्यायचा, हे माझं काम, आणि ते मला चांगलं जमतं असं मी समजत होते.

मुलींची नावं आणि खुणा बदलल्या आहेत. कायदा तसं सांगतो, आणि न सांगता तरी बदलल्याच असत्या.

शनिवार, नवीन जालना

प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. बसले आणि पोचले. गंमत झाली ती स्टेशनाबाहेर. वंदनासाठी मी कोकमाच्या आगळाच्या, म्हणजे खारवलेल्या लालभडक रसाच्या, दोन बाटल्या नेल्या होत्या. झाकणाला मेण, वर पिशवी, पिशवीला दोरा, एवढं करूनही एक फुटलीच. मी रिक्षात बसून बॅग पायाशी ठेवली, तर रिक्षावाला मागे वळून ओरडला, "ओ ताई, बॅगंतून रगत गळून राह्यलं!"

आजूबाजूचे चार रिक्षावाले गोळा झाले. मला खाली उतरून बॅग उघडून दाखवावी लागली. आगळ म्हणजे काय, कोकम म्हणजे काय, ते आमटीत का घालायचं, सगळं सांगितलं. एकाने बोटाला लावून चाखलं, डोळे मिटले आणि म्हणाला, "मंग चिंचंनं काय घोडं मारलं व्हतं?"

नवीन जालन्यातून जाताना बियाण्यांच्या कंपन्यांच्या पाट्या एकामागून एक येत होत्या. एवढ्या पाट्या आमच्याकडे फक्त डॉक्टरांच्या असतात. वंदना संस्थेची जुनी गाडी घेऊन चौकात उभी होती. टेंभुर्णीच्या रस्त्याला लागलो तेव्हा दुतर्फा तूर काढणीला आलेली, मध्ये शाळूची हिरवी पट्टी, कुठे मोसंबीची बाग. डोंगर दिसेना. कोकणातल्या माणसाला आभाळ एवढं सलग बघायची सवय नसते; मला सारखं वाटत होतं की कुठेतरी काहीतरी लावायचं राहून गेलंय. हवा इतकी कोरडी की धुतलेला रुमाल खिडकीबाहेर धरला आणि पुढच्या गावाला घडी घालून ठेवला.

रात्री वहीत लिहिलं: 'गळून राह्यलं' म्हणजे गळतंय. 'करून राह्यलो' म्हणजे करतोय. पुढे बरोबरची खूण केली. विषय संपला, असं वाटलं.

रविवार, टेंभुर्णी

सकाळपासून कोठीची खोली काढली. बेचाळीस मुली, आणि कोठीत निघाली सत्तर दप्तरं, अकरा भिंतीवरची घड्याळं, कंपासपेट्यांची दोन खोकी. कंगवे सहा. आतले कपडे जवळजवळ नाहीतच. डोक्याचं तेल महिनाअखेरीपर्यंत पुरेल की नाही याची शंका. देणारे चांगल्या मनाने देतात, पण दिलेलं दिसावं असंही त्यांना वाटतं, आणि चड्डीवर देणगीदाराचं नाव छापता येत नाही. कुणाला अशा ठिकाणी काही द्यायचं असेल तर आधी फोन करून विचारा. वर्षानुवर्षं दप्तरं मिळत राहिली तर मुली त्यात काय भरणार?

दुपारी शहरातलं एक कुटुंब मुलाचा वाढदिवस साजरा करायला केक घेऊन आलं. गाडीचा आवाज येताच मुलींची कुजबुज कानावर आली.

"चाकलेटचा हाय का पायनापलचा?"

"पायनापलचाच. गुरुवारी बी त्योच व्हता."

"मंग मी न्हाई टाळ्या वाजवीत."

वंदनाने पाहुण्यांना हसून सांगितलं की फोटो काढता येणार नाही. गृहस्थ थोडे हिरमुसले. तेव्हा तिने त्यांना मुलींच्या पंगतीत बसवून पिठलं-भाकरी वाढली. ज्वारीची भाकरी, वर करडईच्या तेलाची धार आणि शेंगदाण्याचा ठेचा. जाताना त्यांनी स्वतःहून विचारलं, "पुढल्या वेळी काय आणू?" मी यादी तयारच ठेवली होती. पहिल्या ओळीत कंगवे.

मुलींनी माझं नाव 'कोकणताई' ठेवलं. माझ्या तोंडात 'गो' आहे, आमच्याकडे मुलींना हाक तशीच मारतात. एका लहानीला मी म्हटलं, "ये गो इकडे." ती जागची हलेना. शेजारच्या थोरलीने खुलासा केला, "ताई, गो म्हंजे इंग्लिशमधी जा. ये म्हणता, जा म्हणता. बोलवून राह्यल्या का हाकलून राह्यल्या?"

ही थोरली म्हणजे कावेरी. वय अकरा. लहानी तिची बहीण गोदी, सहा वर्षांची. कावेरी जाईल तिथे गोदी, आणि गोदीच्या फ्रॉकचा मागचा पट्टा कावेरीच्या मुठीत.

सोमवार

मंगळवारी जालन्याला बाल कल्याण समितीसमोर या दोघींचीच तारीख होती. आष्टीजवळच्या एका खेड्यात त्यांचे मामा राहतात. पिठाची गिरणी आहे. मामा-मामींना मूल नाही, आणि दोघी भाच्या आपल्याकडे याव्यात म्हणून ते चार महिने खेटे घालत होते. घराची चौकशी झाली होती, अहवाल चांगला होता. समितीने हो म्हटलं की मुली घरी जाणार. कावेरीने आपलं सामान आठवड्यापूर्वीच बांधून ठेवलं होतं, आणि रोज रात्री ते सोडून लागेल ते काढून पुन्हा बांधत होती.

फाइलीत एक कागद कमी होता: मुलीचं म्हणणं. दुपारी वंदना ते लिहून घेणार होती, पण एका मुलीचा कान एवढा ठणकायला लागला की तिला जाफराबादला दवाखान्यात न्यावं लागलं. जाताना म्हणाली, "तेवढं तू लिहून ठेव. मी आल्यावर सही करते."

कावेरी माझ्यासमोर पाय दुमडून बसली. मी विचारत गेले, ती सांगत गेली. आई गेली. बाप कामाला म्हणून गेला तो आलाच नाही. शेजारची म्हातारी जेवायला घालायची. "मामाचा नंबर लागंना. मंग मीच म्हणलं, चल गोदे. बस कुठं बदलायची ते आईनं दावलं व्हतं. आमी मामाकडं जाऊन राह्यल्तो. जालन्याच्या स्टँडवर पोलीसताईनं धरलं. गोदी रडून राह्यल्ती म्हणून. न्हाईतर धरलं नसतं."

कागदावर छापलं होतं, 'शक्यतो बालकाच्या शब्दांत'. मी शक्यतो नीटनेटक्या शब्दांत लिहिलं: 'आम्ही मामाकडे जाऊन राहिलो होतो. त्यानंतर जालन्याच्या बसस्थानकावर गोदावरी रडत असल्याने महिला पोलिसांनी आम्हाला ताब्यात घेतले.' 'त्यानंतर' हा शब्द तिचा नव्हता. दोन वाक्यं सुटी वाटली म्हणून मी मध्ये घातला.

संध्याकाळी वंदना दमून आली. कागदावर नजर टाकली, "काय गं अक्षर तुझं, अजून तसंच!" म्हणाली आणि सही केली.

मंगळवार, जालना

मामा पांढऱ्या शर्टात, मामी नव्या इरकलीत. मामींच्या हातात कापडी पिशवी, तिच्यातून दोन फ्रॉकच्या बाह्या डोकावत होत्या. गोदी ती पिशवी सोडून दुसरं काही बघत नव्हती. ती अधूनमधून एकच प्रश्न विचारे, "आज जायचं ना?" आणि कावेरी सांगे, "आजच."

समितीच्या अध्यक्ष मॅडम जालन्याच्याच. शांतपणे फाइल वाचत गेल्या आणि माझ्या कागदावर थांबल्या. मग चष्म्यावरून मामांकडे बघितलं.

"मुली याआधी तुमच्याकडे राहत होत्या?"

"न्हाई मॅडम. आमाला तर मुली हितं आल्यावर कळलं."

मॅडम कावेरीकडे वळल्या आणि कागदावरचं वाक्यच त्यांनी हळू, स्पष्ट विचारलं, "कावेरी बाळा, तुम्ही मामाकडे जाऊन राहिला होतात?"

"हो," कावेरी म्हणाली.

 मग दुसरे सदस्य म्हणाले, "म्हणजे मुली तुमच्या घरून निघून स्टँडवर आल्या. आणि तुम्ही सांगता आल्याच नाहीत."

"देवाशपथ आल्या न्हाईत," मामी उठूनच उभ्या राहिल्या.

"मग मुलगी खोटं बोलते का?"

मामींनी कावेरीकडे बघितलं. "लेकरू कशाला खोटं बोलंल," एवढंच म्हणाल्या आणि खाली बसल्या.

मामा मात्र आता समितीकडे नाही, मामींकडे बघत होते. त्यांचा आवाज अगदी खाली आला. "त्या टायमाला मी डेंगूनं दवाखान्यात व्हतो. आठ दिवस. ही एकलीच व्हती घरी."

मामींचा चेहरा कसा झाला ते लिहिता येणार नाही.

नव्याने चौकशी करावी, पुढची तारीख महिन्याने, असं ठरलं. मामा-मामी एकमेकांपासून चार हात अंतर ठेवून जिना उतरले. फ्रॉकची पिशवी मामींच्या हातातच राहिली. गोदीने विचारलं, "आज न्हाई का?" या वेळी कावेरीने नुसता तिच्या फ्रॉकचा पट्टा घट्ट धरला.

वंदना गाडीत मला म्हणाली, "चार महिन्यांत माझ्याजवळ बोलली नाही ती. तुझ्याजवळ एका दुपारीत बोलली." तिच्या बोलण्यात थोडं दुःख होतं आणि मला, खरं सांगते, थोडा अभिमान वाटला.

बुधवार, टेंभुर्णी

समितीपुढे जाऊन आलेल्या मुलीला दोन दिवस कुणी काही विचारायचं नाही, असा वंदनाचा नियम आहे. कावेरी सकाळी जेवली नाही. बांधलेलं सामान तिने उघडलं, कपडे पेटीत परत लावले, आणि बांधायची दोरी कोठीत आणून माझ्या हातात दिली. "यादीत लिहा," म्हणाली.

दहाच्या सुमाराला मी व्हरांड्यात घड्याळांची नोंद करत होते. स्वयंपाकाच्या कमलमावशी दारातून म्हणाल्या, "ताई, मी बाजाराला जाऊन राह्यले. काही आणायचं का?"

मी मान वर न करता विचारलं, "कधी गेला होतात? आणि राहिलात कुठे?"

भाजी निवडणाऱ्या पोरी फिदीफिदी हसायला लागल्या. कमलमावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अवो बाई, अजून पायात चप्पल बी घातली न्हाई! जाऊन राह्यले म्हणलं. जाते आता. तुमच्या कोकणात माणसं जायच्या आधी राहतेत का?"

माझं पेन थांबलं. 'करून राह्यलो म्हणजे करतोय', पुढे बरोबरची खूण. 'गळून राह्यलं'ला माझ्या मराठीत दुसरा अर्थच नाही, म्हणून ते मला कळलं. 'जाऊन राहणं' माझ्या मराठीत आहे. सुट्टीत मावशीकडे जाऊन राहतात तसं. म्हणून ऐकताना मला शंकासुद्धा आली नाही.

कावेरी मागच्या ओट्यावर गोदीची वेणी घालत होती. वंदनाचा नियम मी मोडला.

"कावेरी, त्या दिवशी तुम्ही मामाच्या घरी पोचलाच नव्हता?"

ती माझ्याकडे बघत राहिली, एखाद्या मंद मुलीकडे बघावं तशी. "न्हाई. जाऊनच राह्यल्तो ना. सांगितलं की तुमाला."

"मग काल मॅडमना हो का म्हणालीस?"

"त्यांनी त्येच इचारलं. जाऊन राह्यल्ता का म्हणून. मंग हो म्हणलं." तिचा हात वेणीवर थांबला. "माझ्यानं काय चुकलं का?"

"तुझ्याने नाही गो. माझ्याने."

वंदनाला सांगितलं तेव्हा ती आधी खो खो हसली, आणि हसता हसता खुर्चीत बसली. "मॅडम जालन्याच्या, मी जालन्याची. पण कागद तुझ्या मराठीत होता, म्हणून आम्हीही तो तुझ्याच मराठीत वाचला. आणि पोरीने प्रश्न तिच्या मराठीत ऐकला." मग म्हणाली, "सही माझी आहे, नीला. मी वाचलं नाही. अक्षर बघितलं."

दोष वाटून घ्यायला वेळ नव्हता. तिने समितीच्या कार्यालयात फोन लावला. शुक्रवारी बैठक होती. दुरुस्तीचा अर्ज घेऊन, मामांना घेऊन या, असं उत्तर आलं. मग मामांना फोन. त्यांनी उचलला, वंदनाचा आवाज ओळखला आणि म्हणाले, "मॅडम, आता राहू द्या. माझ्या घरातच काही बराबर न्हाई." फोन कट झाला. पुन्हा लागला नाही.

माझं गुरुवारचं परतीचं तिकीट होतं. ते रद्द केलं.

गुरुवार, आष्टीजवळ

टेंभुर्णी जिल्ह्याच्या वरच्या टोकाला, आष्टी खालच्या. सकाळी निघालो आणि अख्खा जिल्हा उभा कापत गेलो. परतूरच्या पुढे जमीन जास्त काळी दिसायला लागली. कापसाची शेवटची वेचणी चालू होती. बायकांच्या पाठीवरची गाठोडी दुरून मेंढरांसारखी दिसत होती. आष्टीत चहाला थांबलो. दुकानदाराने मला "पाव्हण्या कुठल्या?" विचारलं. चिपळूण म्हटल्यावर म्हणाला, "पुराचं गाव!" आमची ओळख एवढी लांब पोचली आहे.

गिरणीचा आवाज गल्लीच्या तोंडापासून येत होता. आत मामी, भुवयांवर पीठ, आणि दळणाला आलेली एक बाई. आम्हाला बघून त्यांनी पट्टा बंद केला नाही. हातातलं दळण संपवलं, डबा पुसला, बाईला दिला, मग बटण दाबलं. एवढी शांतता झाली की मला माझाच श्वास ऐकू आला.

"आता काय राह्यलं?" मामी म्हणाल्या.

मी उभ्याउभ्याच सांगितलं. काय ऐकलं, काय लिहिलं, 'त्यानंतर' कुठून आलं. काही लपवलं नाही. मामी ऐकत होत्या, पदराने हाताचं पीठ पुसत होत्या. हात स्वच्छ झाले तरी पुसत होत्या.

"तुमी शिकलेल्या ना?" शेवटी म्हणाल्या.

"हो."

"मंग एकदा पोरीला माघारी वाचून दावायचं. आमी दळण घेतलं तरी माणसाला इचारतो, जाड का बारीक." त्या वंदनाकडे वळल्या. "मॅडम, लोकायचं मी सोडून दिलं. पर ह्यांनी इचारलं मला. जिना उतरताना. 'मी दवाखान्यात व्हतो तवा पोरी आल्त्या का गं? तू हाकलल्या का?' चौदा वर्सं झाली लग्नाला. लेकरू न्हाई म्हणून कधी एक शब्द बोलले न्हाईत. आन ह्ये इचारलं."

मागच्या दारात मामा कधी येऊन उभे राहिले ते कळलं नाही. सगळं ऐकलं होतं त्यांनी. बराच वेळ ते दाराच्या चौकटीचं लाकूड नखाने खरवडत राहिले.

"आल्याच नव्हत्या तर," ते म्हणाले.

"तेच सांगून राह्यल्ते दोन दिस," मामी म्हणाल्या. "पर माझ्या बोलण्याला कागद कुठं व्हता?"



माफी मी मागितली, दोघांची मागितली. मामींनी ती घेतली की नाही, कळलं नाही. त्यांनी ताटं मात्र मांडली. "दारी आलेलं माणूस उपाशी जात न्हाई हितनं," म्हणाल्या, आणि 'हितनं'वर जोर दिला. येसर आमटी, गरम भाकरी, कांदा. येसर म्हणजे डाळी-ज्वारी भाजून केलेला मसाला. आमटी दाट होते आणि पोटाला धीर देते. कोकणात आम्ही नारळाशिवाय आमटीला आमटी म्हणत नाही. मी दोनदा मागून घेतली. मामी वाढताना म्हणाल्या, "खाताना तरी बराबर समजतं तुमाला." एवढ्या वेळात पहिल्यांदाच त्यांच्या ओठाची कड हलली.

आतल्या खोलीत भिंतीला टेकून एक लोखंडी पलंग होता, नव्या चादरीचा. जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच.

"पाय कापले ह्यांनी त्याचे," मामी म्हणाल्या. "धाकटी झोपंत पडंल म्हणून."

"उद्या येता ना?" वंदनाने विचारलं.

मामांनी मामींकडे बघितलं. मामींनी ताटं उचलली. "पोरींसाठी येते," म्हणाल्या. "बाकीचं मंग बघू."

शुक्रवार, जालना

रात्री मी दुरुस्तीचा जबाब लिहिला होता. या वेळी कावेरीला समोर बसवून, तिचं प्रत्येक वाक्य तिच्याच शब्दांत, आणि लिहिलेलं तिला वाचून दाखवून. तीन ठिकाणी तिने मला थांबवलं. एका ठिकाणी तर माझं लिहिलेलं बरोबरच होतं, पण तिला थांबवायला आवडायला लागलं होतं.

समितीसमोर मी उभी राहिले आणि सांगितलं की वाक्य माझं होतं, मुलीचं नाही. अध्यक्ष मॅडमनी जुना कागद आणि नवा कागद शेजारी ठेवले. नव्यावरचं 'जाऊन राह्यल्तो' मोठ्याने वाचलं आणि डोळे मिटून घेतले.

"अरे देवा," त्या म्हणाल्या. "मी घरी रोज असंच बोलते."

दुसऱ्या सदस्यांनी मला विचारलं, "ताई, तुम्ही कुठल्या?"

"चिपळूणची."

"तरीच," ते म्हणाले. मला ते लागलं, पण लागायलाच हवं होतं.

मॅडमनी कावेरीला जवळ बोलावलं आणि साध्या घरच्या बोलीत विचारलं, पोचल्या होत्या का, मामीला पाहिलं होतं का, आता जायचंय का. कावेरीने पहिल्या दोन्हींना न्हाई आणि तिसऱ्याला हो म्हटलं, आणि गोदीच्या वतीनेही हो म्हटलं. घराचा अहवाल चांगला होताच. मुली मामा-मामींकडे द्याव्यात, संस्थेने दर महिन्याला जाऊन बघावं, असा आदेश झाला. मॅडमनी सही केली.

वंदना उठली, मामा उठले. मामी उठल्या नाहीत.

"मॅडम, अजून एक वळ लिवायची राह्यली."

"कुठली?"

"पोरी मामीच्या दारी आल्या नव्हत्या, मामीनं हाकलल्या न्हाईत. आसं."

"वहिनी, त्याची आता गरज नाही," सदस्य समजावणीच्या सुरात म्हणाले. "मुलीचं म्हणणं आलंय. आदेश तुमच्या बाजूने झालाय."

"तुमाला गरज न्हाई," मामी म्हणाल्या. "मला हाय."

मी मॅडमकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. मी रात्री लिहिलेल्या जबाबाचा कागद ओढून घेतला, सहीच्या वरच्या मोकळ्या जागेत ती ओळ लिहिली आणि शेजारी पुन्हा सही केली. मग कागद मामींपुढे फिरवला आणि वाचून दाखवू का, विचारलं. "मला येतं वाचता," त्या म्हणाल्या. बोट ठेवून शब्दाशब्दाने वाचलं. 'नव्हत्या' पाशी बोट क्षणभर थांबलं, पुढे गेलं.

"बराबर," म्हणाल्या. "ह्याची झेरॉक्स पाहिजे."

खालच्या दुकानातून झेरॉक्स आणली. कागद अजून गरम होता. बाहेरच्या पडवीत दुसऱ्या तारखांची माणसं बाकांवर बसली होती. गोदी नव्या फ्रॉकमध्ये, जुन्या फ्रॉकवरूनच घातलेल्या, त्यांच्यामधून पळत होती, आणि पहिल्यांदाच तिचा पट्टा कुणी धरला नव्हता. मामींनी कागद नवऱ्यापुढे धरला.

"वाचा."

मामांनी घेतला. ओठ न हलवता वाचायला लागले.

"मोठ्यानं."

बाकांवरची माणसं बघायला लागली. मामांनी घसा खाकरला आणि वाचलं, अडखळत, पण सगळं, मुली मामीच्या दारी आल्या नव्हत्या इथपासून शेवटपर्यंत. कागद खाली केला.

"परत," मामी म्हणाल्या.

त्यांनी परत वाचलं.